गुढीला चढलेली साडी

फाल्गुन उतरायला लागला की नाशकात सगळ्यांना द्राक्षं आठवतात. मला खळीचा वास आठवतो. नव्या साडीची घडी पहिल्यांदा मोडताना कोरडा, जरासा आंबूस, कपड्याच्या दुकानातल्या लाकडी फळ्यांसारखा वास येतो, तो. परवा बाजारात गुढीच्या काठ्या विकायला आलेल्या दिसल्या. त्यांच्याशेजारी हल्ली तयार गुढ्याही असतात, वीतभर उंचीच्या, जरीचा तुकडा गुंडाळलेल्या, टीव्हीवर ठेवता येतील अशा. एक बाई त्यातली एक हातात घेऊन म्हणाली, "बरंय बाई, साडी शोधायची कटकट नाही." मी तिथून भाजी न घेताच निघाले. कुठेतरी नाकात ती खळ शिरली होती.

माझी आई साड्यांना फॉल-पिको करायची. आम्ही नाशिक रोडला राहायचो, तीन मजली, समोरासमोर दोन विंग असलेल्या बिल्डिंगीत. मधे फरशीचं अंगण, दोन्ही बाजूंना लांब गॅलऱ्या. एका गॅलरीत कुणी खाकरलं तर समोरच्या गॅलरीत कळायचं. तिथले बहुतेक जण नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरीला, म्हणजे पक्की सरकारी नोकरी, ओव्हरटाइम, दिवाळीला सोनं. आम्ही त्यांच्यात भाड्याने राहणारे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. दोन बस बदलून जायचे आणि पाळ्यांप्रमाणे वेगवेगळ्या वेळी घरी यायचे, त्यामुळे बिल्डिंगीतल्या लोकांना ते फारसे दिसायचेच नाहीत. आमची ओळख आईच्या मशीनवरून होती. "खैरनार वहिनींकडे टाका," असं म्हणत बायका साड्या आणून द्यायच्या.

होळी झाली की लग्नसराई आणि पाडवा दोन्ही एकदम अंगावर यायचे. घरात पाय ठेवायला जागा नसायची. पलंगावर, मशीनवर, खुर्चीच्या पाठीवर साड्याच साड्या. फॉल आधी बादलीत भिजवून वाळवायचे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतात आणि साडीची कड चुण्या पडून वर येते. ते काम माझं. दोरीवर रांगेनं वाळत घातलेल्या त्या पट्ट्या, गुलाबी, मोरपंखी, राखाडी, वाऱ्यावर हलायच्या आणि खालून येणाऱ्या कुणालाही वाटावं, काय श्रीमंत घर आहे. त्या दोन महिन्यांत आमच्या घराइतके रंग अख्ख्या कॉलनीत नसतील. त्यातला एकही आमचा नसायचा. लहानपणी हे मला कधी खटकलं नाही. दूधवाल्याच्या घरी दूध असतं, तशा आमच्याकडे साड्या, एवढंच.

अण्णा त्या साड्यांच्या गर्दीत बिचकून वावरायचे. हात ग्रीसचे असतील म्हणून दारातच उभे राहायचे, आई "या आत, काही होत नाही" म्हणेपर्यंत. मूळचे दिंडोरीकडचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. माणूस अबोल आणि लाजाळू. बस कंडक्टरने सुटे पैसे द्यायला टाळाटाळ केली तर मागायचे नाहीत. पण शिमग्याला त्यांचं काय व्हायचं कोण जाणे. होळी पेटली की तोंडावर हात मारून सगळ्यांत मोठी बोंब त्यांची. धुळवडीला देव्हाऱ्यातले आमचे वीर, म्हणजे पूर्वजांचे चांदीचे टाक, वाटीत लाल फडक्यात ठेवून ते रामकुंडावर न्यायचे, वाटेत हलगी वाजली की चालता चालता नाचायचे. आणि रंगपंचमीला जुन्या नाशकात जाऊन रहाडीत उडी मारायचे. रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो, पंचमीला उघडून रंगाच्या पाण्यानं भरतात. त्यात धप्पा मारून बाहेर आलेला माणूस ओळखू येत नाही. तो रंग अंगावरून चार दिवसांत जातो, पण कानामागे आणि नखांच्या कडेला बराच काळ राहतो.

मला वाटतं, शिमगा हा लाज बाजूला ठेवायचा सण आहे. ओरडा, नाचा, चिखलात लोळा, कुणी विचारत नाही. आणि तिथून पंधरा दिवसांत पाडवा येतो, तो बरोबर उलटा. पाडव्याला घराची अब्रू काठीला बांधून बाहेर टांगायची असते. गुढीला कोरं नाहीतर निदान भारी वस्त्र लागतं. म्हणजे प्रत्येक घरातलं सगळ्यांत चांगलं लुगडं त्या सकाळी गॅलरीत असतं, आणि सगळी बिल्डिंग वर मान करून एकमेकींची कपाटं बघत असते. "देशमुखांची या वर्षीची नवी दिसते." "त्यांची तीच, मागच्या वर्षीची." हे सगळं हात जोडून, देवाच्या निमित्तानं चालतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटायचं नाही. पण आमची गुढी उभी करताना आई साडीच्या निऱ्या फार वेळ घालत बसायची. तिच्या लग्नातली पोपटी साडी होती, दरवर्षी तीच. जर काळी पडली होती आणि एका बाजूला घडीवर विरली होती. ती विरलेली बाजू आत जाईल अशा निऱ्या आईलाच जमायच्या, म्हणून गुढीचं वस्त्र ती दुसऱ्या कुणाला बांधू द्यायची नाही.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षी मात्र ते अण्णांनी बांधलं.

रात्रपाळी करून ते पहाटे आले होते. आईला आदल्या दिवसापासून कणकण होती आणि तरी श्रीखंडाचा चक्का फेटत ती स्वयंपाकघरात बसली होती. मला तिनं कडुलिंबाची डहाळी आणि आंब्याची पानं आणायला पाठवलं. जेल रोडच्या बाजूला एका कुंपणाबाहेर लिंब होता, त्याला तेव्हा पांढरा मोहोर आलेला असायचा. तिथे पोरांची ही गर्दी. मी डहाळी घेऊन परत आले तेव्हा अण्णा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून गॅलरीत काठीला तेल लावत होते. त्यांच्या कानामागे पंचमीचा पिवळा रंग अजून होता. खुशीत दिसत होते. "आईला बरं नाय," मला म्हणाले, "यंदा गुढी आपुन उभी करू. तू तांब्या घास." मी मोरीत तांब्या घासायला बसले. घरातून आईचा आवाज आला, "अहो, साडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे." अण्णा आत गेले आणि साडी घेऊन आले.

मी तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा ते काठी कठड्याला बांधत होते. गाठी घातली होती, झेंडूची माळ घातली होती, वस्त्राला हळदीकुंकू वाहिलं होतं. मी तांब्या दिला, तो त्यांनी स्टुलावर चढून काठीच्या टोकावर पालथा घातला आणि खाली उतरून, दोन पावलं मागे होऊन हात जोडले. मी साडी तेव्हा पाहिली. डाळिंबी रेशीम, हिरवे काठ, बोटभर रुंद जर. पहिल्या उन्हात ती अशी काही पेटली होती की समोरच्या गॅलरीतल्या दोघीतिघी बघत उभ्या राहिल्या.

आई नैवेद्याची वाटी घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"ही कुठली काढलीत?"

"वरच्या कप्प्यातली. तूच तं म्हनली."

"अहो, खालची पोपटी. हिच्या घडीखालची. ही देवरे वहिनींची आहे. सीमाच्या साखरपुड्याची."

अण्णांचे हात अजून जोडलेलेच होते. भारी साड्या आई बाहेर न ठेवता आमच्या लोखंडी कपाटात ठेवायची, हे त्यांना माहीत नव्हतं. साडीच्या खालच्या कडेला फॉलचे कच्चे टाके होते, पांढऱ्या दोऱ्याचे, हे लांब लांब. आईनं आदल्या दुपारीच घातले होते. शिवणकाम येणाऱ्या कुठल्याही बाईला ते लांबून दिसले असते आणि साडी घरची नाही, गिऱ्हाइकाची आहे, हे कळलं असतं. अण्णांना तो दोरा दिसला असेल, पण त्याचा अर्थ त्यांना कसा कळावा?

"मला वाटलं तुझीच," ते म्हणाले.

"माझी?" आई म्हणाली.

एवढंच. तो शब्द मी नंतर खूपदा आठवून पाहिला. त्यात राग नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. सोळा-सतरा वर्षांच्या संसारात या माणसाला आपल्या बायकोच्या अंगावर काय असतं, कपाटात काय असतं, याचा पत्ता नव्हता. त्याच्या मनात तिच्याकडे अशी साडी असणं सहज शक्य होतं. त्याला वाटत होतं की आपण तिला हे दिलेलं आहे. अण्णांचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो मी पाहिला, आणि मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. वडिलांना असं बघणं मुलीच्या वाट्याला येऊ नये.

त्यांनी काठीकडे हात नेला. आईनं धरला. "चढवलेली गुढी उतरवायची नाही. संध्याकाळपर्यंत राहू दे."

"अगं पन..."

"वर्षाचा पहिला दिवस आहे. नाही उतरवायची."

खाली अंगणात तोवर देवऱ्यांची आजी आली होती. समोरच्या विंगेतल्या देवरे काकूंच्या या सासूबाई, सटाण्याकडच्या. डोळ्यांना कमी दिसायचं म्हणे, पण कपड्याचा रंग अचूक दिसायचा. कपाळावर हात धरून त्यांनी आमच्या गॅलरीकडे पाहिलं आणि आपल्या नातीला हाक मारली, "सीमा, हाई साडी आपलीच शे ना वं?" सीमा गॅलरीत आली. मग काकू आल्या. काकूंनी पाहिलं, आईनं पाहिलं. काकू आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. पाडव्याला दिवसा कुणी दार लोटत नाही.

तो दिवस फार लांबला. आमच्याकडे श्रीखंड होतं, कुणाला जात नव्हतं. लिंबाची चटणी तेवढी सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली. जेवण झाल्यावर वारा सुटला, चैत्रातला तो दुपारचा भणाणता वारा, आणि साडी काठीवर फडफडायला लागली. काठी नीट तासलेली नव्हती, तिला कुसं होती. अण्णा उठले, गॅलरीत पोतं टाकून काठीशी बसले आणि साडीची खालची टोकं त्यांनी दोन्ही हातांत धरली. बाळाचे पाय धरावेत तशी, घट्ट नाही, सैलही नाही. रात्रपाळी केलेला माणूस, डोळे मिटत होते, पण ऊन कलेपर्यंत तो तिथून हलला नाही. येणारे जाणारे बघत होते. "काय खैरनार, गुढीला पहारा?" कुणीतरी खालून विचारलं. अण्णा हसले आणि मान खाली घातली. आई आत मशीनशी बसली होती. मशीन चालू नव्हतं. नुसती बसली होती.

सूर्य मावळायच्या आधी आईनं नैवेद्य दाखवून गुढी उतरवली. एवढं जपूनही जे व्हायचं ते झालंच होतं. गाठीची साखर विरघळून काठाला चिकट ओघळ आला होता, पदराजवळ कुंकवाचा डाग होता, आणि एका जागी रेशमाचा धागा ओढला गेला होता. आईनं तो सुईनं आत घेतला. डागाला हात लावला नाही, पसरेल म्हणून. साडीची घडी केली, स्वच्छ पंच्यात गुंडाळली आणि मला म्हणाली, "चल."

"मी येतो," अण्णा म्हणाले.

"तुम्ही कशाला? बायकांचं काम आहे."

देवरे काकू वाईट बाई नव्हत्या, हे मला आधी सांगितलं पाहिजे. त्यांनी आम्हाला आत बसवलं, हळदीकुंकू लावलं, पाणी दिलं. मग पंचा उलगडून त्यांनी डाग पाहिला आणि तो बराच वेळ बघत राहिल्या. सीमा आतल्या दारात उभी होती, तिचे डोळे सुजलेले होते.

"मागितली असती ना वहिनी," काकू शेवटी म्हणाल्या, अगदी हळू, "तर मीच दिली असती. पाडव्याला चांगलं काहीतरी लावावं, असं कुणालाही वाटतं. माझ्या दुसऱ्या होत्या. ही पोरीची होती, एवढंच."

आमच्याबद्दल त्यांनी काय समजून घेतलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांना वाटलं, आईनं मुद्दाम लावली. बिल्डिंगीत मिरवायला. मी तोंड उघडलं. आईनं माझं मनगट धरलं, तिच्या बोटांवर सुईनं पडलेले घट्टे होते, ते मला टोचले.

"चुकलं माझं," आई म्हणाली.

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. "ह्यांना वाटलं, माझीच आहे." पण ते वाक्य बोललं की पुढचं सगळं उघडं पडत होतं. म्हणजे काय, नवऱ्याला माहीत नाही बायकोकडे काय आहे? म्हणजे तुमच्याकडे एकही नाही? काकूंच्या डोळ्यांत अण्णा कसे दिसले असते, ते आईला माहीत होतं. तिनं दोन्हीकडचा विचार एका दमात केला असणार आणि आपल्या अंगावर घेतलं. जिना उतरताना मी रडत होते. "गप," आई म्हणाली, "अण्णांना काही सांगायचं नाही."

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हनल्या?"

"काही नाही. समजून घेतलं त्यांनी."

अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला आणि झोपायला गेले. त्यांच्यापुरतं ते तिथे संपलं.

सीमानं साखरपुड्याला दुसरी साडी नेसली. आम्हाला बोलावणं होतं, आई जाऊन आली. कुणी भांडलं नाही, कुणी बोलणं टाकलं नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं. नुसत्या समोरच्या विंगेतल्या साड्या यायच्या थांबल्या. "सध्या काही घेतलं नाही हो," असं तिथल्या बायका म्हणायच्या आणि संध्याकाळी प्लास्टिकची पिशवी घेऊन स्टेशनकडच्या दुसऱ्या बाईकडे जाताना दिसायच्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काकूंकडे सगळ्या जमल्या होत्या. गौर झोपाळ्यावर, पुढे कलिंगडाचं कमळ, आंबेडाळ, पन्हं. मी पन्ह्याचे पेले फिरवत होते. आई तिची नेहमीची जांभळी साडी नेसली होती. एकीनं तिचा पदर दोन बोटांत धरून हसत विचारलं, "आज कुणाची नेसलात?"

सगळ्या हसल्या. आईही हसली. "माझीच आहे," ती म्हणाली, "जुनी आहे बघा." आणि त्या बाईला खरंच बघायला पदर पुढे केला. मला त्या बायकांची चीड आली, ती साहजिकच. पण त्याहून जास्त मला लाज वाटत होती. लाज कशाची, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एक दिवस अण्णांची वाटायची, ते जेवताना आमटीबद्दल चांगलं बोलले की वाटायची. एक दिवस आईची वाटायची, एवढं गप्प बसण्याची. आमच्या घराला सतत कुणीतरी समोरच्या गॅलरीतून बघतंय, असं वाटत राहायचं. पुढची बरीच वर्षं पाडव्याच्या सकाळी मी गॅलरीत जायचं टाळत असे. आमची पोपटी साडी काठीवर चढायची, विरलेली बाजू आत घालून, आणि समोरून कुणीतरी कुणाला तरी हळूच काहीतरी सांगायचं.

तो विनोद मुरला. मुरलेले विनोद गोड होतात, त्यात मग दुष्टपणा राहत नाही. नव्या भाडेकरूंनाही तो सांगितला जायचा. फक्त अण्णांच्या कानावर तो कधी आला नाही, कारण तो बायकांचा विनोद होता, आणि अण्णा एकतर सातपूरला असायचे नाहीतर झोपलेले असायचे. आईनं स्टेशनपलीकडच्या दुकानांची कामं धरली, गठ्ठे स्वतः आणायची, पोचवायची. अण्णांना वाटायचं, हिचा धंदा वाढला. एकदा कौतुकानं म्हणालेही, "आता पार लांब लांबून साड्या येतात हिच्याकडं."

नंतरच्या वर्षांत सगळंच बदललं. प्रेसमधले पुष्कळ जण निवृत्त होऊन आपापल्या बंगल्यांत गेले, आम्हीही उपनगर नावाच्या भागात दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट घेतला. मी नोकरीला लागले, माझं लग्न ठरलं. साखरपुडा चैत्रातच आला. एका छोट्या हॉलमध्ये, पंख्यांच्या घरघरीत, सगळी जुनी बिल्डिंग जमली. देवरे काकूही आल्या, केस पांढरे झालेले, मला जवळ घेऊन त्यांनी गालावरून हात फिरवला. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, त्यात काही खोटं नव्हतं.

साड्यांची देवाणघेवाण झाली. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आईला साडी दिली. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "विहीणबाई, जपून हं. यांच्याकडे साडी गेली की पाडव्याला गुढीवर चढते." आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झालेली, डाळिंबी रंगासकट. सासूबाई हसल्या, जुन्या बायका हसल्या. आई नेहमीसारखी हसली.

अण्णा पेढ्यांचं ताट घेऊन तिथेच उभे होते.

"ती मी चढवली होती," ते म्हणाले.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. अण्णांनी ताट खुर्चीवर ठेवलं. शिमग्याखेरीज या माणसाचा आवाज चारचौघांत कधी कुणी ऐकला नव्हता.

"देवरे वहिनी, ती साडी मी चढवली होती. हिनं नाय. ही आत होती. मी कपाटातून काढली. मला वाटलं, हिचीच हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "हिच्याकडं काय हाय, काय नाय, मला ठाऊक नव्हतं."

काकूंचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "वहिनी, मग तुम्ही त्या दिवशी..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हळूहळू सगळ्यांची नजर आईकडे वळली, चेहऱ्यावरून खाली साडीवर आली. वांगी रंगाची, बारीक बुट्टीची रेशमी साडी, दिसायला सुंदर. आईनं पदर ओढून दोन्ही खांद्यांवर घेतला आणि जमिनीकडे बघत राहिली. पाडव्याच्या त्या दिवशी, काकूंच्या घरात, हळदीकुंकवाला, मी तिला कधी अशी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, इतक्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून तिला भरून आलं असेल. अण्णांचा मला अभिमान वाटला. धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटली.

घरी जाताना रिक्षात आम्ही तिघंच होतो, आई मधे, मी आणि अण्णा दोन कडांना.

"मला कधी सांगितलं नाय तू," अण्णा म्हणाले. "लोक तुला काय समजत राहिले इतकी वर्षं."

"समजू देत होते मी. हौशी समजत होते," आई म्हणाली. "हौस असलेल्या बाईला लोक हसतात, एवढंच. आज सगळ्या कशा बघत होत्या माझ्याकडे, पाहिलंत ना?"

दत्तमंदिराचा सिग्नल गेला. मग अण्णांनी आईच्या पदराकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं, आणि चाचरत विचारलं, "ही तं तुझीच हाय ना?"

आईनं पदर मांडीवर ओढून घेतला.

"ताईची आहे," ती म्हणाली. ताई म्हणजे तिची बहीण, लासलगावची. "उद्या परत पाठवायचीय." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गं जरा, पेढ्याचं काही लागलं नाही ना पदराला."

मी पदर हातात घेतला. साखरपुड्याची सगळी खरेदी मी केली होती. मेन रोडच्या दुकानांत आईला बरोबर घेऊन बसले होते, सासूबाईंची, नणंदांची, आत्याची, मावशीची, माझी, एकेक साडी तिच्या खांद्यावर टाकून रंग बघितला होता. तिच्यासाठी काय घेतलं, ते मी आठवू लागले. पदर बघायला खाली घातलेली मान मला घर येईपर्यंत वर करता आली नाही.